टोपी नसलेलं बटण

१४ नोव्हेंबर

दुकानातल्या माणसाने आज माझा कॉम्प्युटर मेल्याचं जाहीर केलं. कॉम्प्युटर त्याच्या पुढ्यात चालू होता. पंखा घरघरत होता, पडद्यावर आमच्या परसातल्या पर्सिमनच्या झाडाचा फोटो दिसत होता, आणि हा गृहस्थ म्हणतो, "सिन्योरा, याचा काळ संपला."

"बिघडलंय काय त्यात?"

"काहीच नाही."

"मग?"

"जुना झालाय. कंपनी आता याच्याकडे बघणार नाही. नवा घ्या."

मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. असली वाक्यं मी अंगाला लावून घेते. कॉम्प्युटर पिशवीत घातला आणि त्या माणसाला म्हटलं, घरी आजी असेल तर तिला हेच एकदा म्हणून दाखव, मग संध्याकाळी जेवायला काय मिळतं ते मला येऊन सांग.

माझा नवरा एलिजिओ खिडकीशी बसला होता. ऑगस्टात त्याला मेंदूचा झटका आला, तेव्हापासून तिथेच बसतो. पाय ठीक आहेत, उजवा हात जरा लुळा, आणि वाचा पूर्ण गेली. उदिनेच्या छापखान्यात उभा जन्म मुद्रितं तपासली या माणसाने. प्रार्थनेच्या पुस्तकात स्वल्पविराम चुकला म्हणून बिशपच्या सेक्रेटरीला परत पाठवला होता. आता तोंडून एक शब्द नाही. सेरेना नावाची मुलगी त्याला बोलायला शिकवायला येते, आणि कॉम्प्युटरवर चित्रांचे धडे ठेवून जाते. तेवढ्यासाठी तरी मला हे यंत्र हवंय.

संध्याकाळी फ्लावियाचा फोन. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात नवीन वर्षात एक खोली रिकामी होतेय. जानेवारी संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं.

"मम्मा, उद्या तू न्हाणीघरात पडलीस तर पप्पा हाक कुणाला मारणार? आणि कशी?"

माझी मुलगी मिलानमध्ये वकील आहे. समोरच्याकडे उत्तर नसेल असेच प्रश्न विचारते.

मठाच्या शाळेत सिस्टर जेर्त्रूदेने एक सवय लावली. निजण्याआधी देवाचे आभार मानायचे. मानण्यासारखं काही नसेल तर शोधून मानायचे. आज: पर्सिमन पिकले.

१७ नोव्हेंबर

आमचे पाद्री डॉन एर्मेस आज पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांचे धर्म दोन, एक रोमचा आणि एक लिनक्सचा. दुसऱ्याबद्दल ते जास्त कळकळीने बोलतात. चर्चच्या कार्यालयात त्यांनी सगळी यंत्रं लिनक्सवर नेली आहेत, आणि आता भाविकांच्या घरांवर नजर आहे.

"याच्या पुष्कळ जाती आहेत, सिन्योरा ओनोरिना. तुमच्यासाठी मी 'मेर्लो' आणलंय. हलकं आहे, जुन्या यंत्राला त्रास देत नाही."

मेर्लो म्हणजे काळा पक्षी, पिवळ्या चोचीचा. भोळसट माणसालाही आमच्याकडे मेर्लोच म्हणतात. मी म्हटलं, "नाव कुणाला बघून ठेवलंय? वापरणाऱ्याला?"

"बनवणाऱ्यांना. फुकट काम करतात बिचारे."

"फुकट कोण काम करतं?"

"हे तुम्ही एका पाद्र्याला विचारताय?"

"पाद्र्याला जेवण मिळतं," मी म्हटलं, आणि मग अर्थातच त्यांना जेवायला वाढावं लागलं.

यंत्राचं काम चाललं होतं तोवर ते एलिजिओशी फ्रियुलानमध्ये, म्हणजे आमच्या इथल्या बोलीत, गप्पा मारत बसले. यंदाच्या गारा, द्राक्षं, कुणाचा तरी ट्रॅक्टर. एलिजिओच्या घशातून खरखर आली. मी धावत पाणी आणलं. त्याने पेला चिडून बाजूला सारला. तहान लागलेल्या माणसाने इतकं चिडायचं काय कारण?

डॉन एर्मेस गेले आणि मी यंत्र सुरू केलं. काळा पक्षी आला, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि पडदा उघडला तो सगळा फ्रियुलानमध्ये! केराच्या टोपलीला 'स्कोवाचिस' लिहिलंय. स्कोवाचिस! माझी सासू अंगण झाडताना हा शब्द ओरडायची.

मी पस्तीस वर्षं शाळेत इटालियन शिकवलं. मठात आमच्या तोंडून फ्रियुलान निघालं की सिस्टर जेर्त्रूदे म्हणायची, गोठ्यातली भाषा गोठ्यात. या घरात लग्नापासून शुद्ध इटालियन बोललं गेलं, सासूबाईंशी सोडून. त्यांना दुसरं येतच नव्हतं. आणि आता कॉम्प्युटर माझ्याशी सासूच्या भाषेत बोलणार?

फोन लावला. "डॉन एर्मेस, हे काय केलंत?"

"तुम्ही यंत्र जिवंत करा म्हणालात. कुठल्या भाषेत ते सांगितलं नाहीत."

"इटालियन करा!"

"या आठवड्यात दोन अंत्यविधी आहेत, सिन्योरा. पुढच्या गुरुवारी करू."

आभार: दोन अंत्यविधी माझे नाहीत.

२० नोव्हेंबर

रागात असले तरी खोटं लिहिणार नाही. हे यंत्र चांगलं चालतं. आधी बटण दाबून मी कॉफी करायला जायचे आणि परत आल्यावरही ते विचारच करत असायचं. आता कॉफीचं भांडं चुलीवर ठेवेपर्यंत तयार. सारख्या उड्या मारणाऱ्या जाहिराती नाहीत, घाबरवणाऱ्या सूचना नाहीत. नवीन काही बसवायचं असेल तर कोपऱ्यात एक लहान खूण येते आणि थांबून राहते, चांगल्या घरच्या पाहुण्यासारखी. प्रिंटर, जो जुन्या राज्यात दर महिन्याला रुसायचा, न सांगता चालला. मी तीनदा छापून पाहिलं.

दोष: बारीकसारीक गोष्टीला पासवर्ड मागतं, मठाच्या फाटकावरच्या सिस्टरसारखं. बँकेचं पान आधी कुरकुरलं. आणि पत्त्यांच्या खेळात फ्रेंच पत्ते होते, बदाम आणि किलवर. एलिजिओने तोंड फिरवलं. डॉन एर्मेसने फोनवर सांगितलं तसं शोधलं, तर आमचे पत्तेही निघाले, तलवारी आणि पेल्यांचे. तो दुपारभर डाव्या हाताने ब्रिस्कोला खेळला.

पूर्वी सेरेनाच्या धड्यांसाठी त्याला ओढून बसवावं लागायचं. आता स्वतःहून जातो, आणि खेळ संपला तरी पडद्याला नाक लावून बसतो. उजेड बरा असणार.

२७ नोव्हेंबर

डॉन एर्मेस भाषा बदलायला आले. एलिजिओने लुळा हात उचलला आणि कीबोर्डवर ठेवला. हलवेचना.

"अरे, बाजूला हो," मी म्हटलं. "तुझ्याच सोयीसाठी चाललंय."

तो माझ्याकडे न बघता पाद्र्याकडे बघत राहिला. पाद्री माझ्याकडे बघत राहिले. दोन पुरुषांनी आपसात काय ठरवलं कोण जाणे. भाषा आहे तशीच राहिली आणि मी मात्र दोघांना कॉफी दिली.

६ डिसेंबर

एलिजिओ बोलला!

जेवणाची वेळ झाली म्हणून मी खेळ बंद करायला गेले. 'येसी' म्हणजे बाहेर पडणे, त्या नावाचं बटण आहे, ते दाबणार तोच त्याने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "नो."

नो! स्पष्ट. ऑगस्टानंतरचा पहिला शब्द. मी खुर्चीत बसले आणि रडले, आणि मग त्याला पाहिजे तेवढं खेळू दे म्हणून पत्ते पुन्हा वाटून दिले. त्याने पत्त्यांना हात लावला नाही. बटणावर बोट आपटत राहिला. "नो. नो." सूप गार झालं.

फ्लावियाला फोन केला. ती म्हणाली, "छान आहे, मम्मा. पण नुसतं नाही म्हणणं म्हणजे बोलणं नव्हे."

मी म्हटलं, "तुझी वकिली तेवढ्यावरच चालते." फोन ठेवल्यावर वाटलं, तिचं बरोबर असेल तर? हा एकच शब्द उरला असेल तर?

तरी आभार. नकार का होईना, मिळाला.

१२ डिसेंबर

सेरेना रोमची आहे. मुलगी गोड, कष्टाळू, आणि एलिजिओशी इतकी सावकाश बोलते की मलाच झोप येते. आज जाताना दारात म्हणाली, "सिन्योरा, प्रगती म्हणावी तशी नाही. खुर्चीचं चित्र दाखवलं तर आवाज काढतात, पण अर्थहीन."

"कसला आवाज?"

"च्याद्रे... असं काहीतरी. दरवेळी तेच."

मी दाराला धरून उभी राहिले. "अर्थहीन? माझी सासू नव्वद वर्षं च्याद्रेवर बसली! अर्थ नसता तर खाली पडली असती!"

बिचारी घाबरली. मी तिला परत आत घेतलं, कोट काढायला लावला, आणि तिने पुन्हा सगळी चित्रं दाखवली. कंगवा, तो बोलला. चमचा, बोलला. अर्धे शब्द मोडके होते, काही आलेच नाहीत. पण जे आले ते सगळे त्याच्या आईच्या तोंडचे. सेरेना विचारत होती, "हे बरोबर आहे? आणि हे?" आणि मी, जिने पस्तीस वर्षं मुलांच्या वह्यांतला असा प्रत्येक शब्द लाल पेन्सिलीने खोडला, म्हणत होते, बरोबर. बरोबर. हेही बरोबर.

मग या मेर्लोने माझ्या नवऱ्याशी महिनाभर काय बोलणं केलंय, ते कळलं. पाद्र्याला हे आधीच माहीत होतं का? असलं तर त्याने स्पष्ट सांगायला हवं होतं. माझ्यासारखीला सूचक बोलणं कळत नाही.

१३ डिसेंबर

आज दुसरा चष्मा लावून ते बटण पाहिलं.

'येसी' मधल्या शेवटच्या अक्षरावर आमच्याकडे ^ अशी लहानशी टोपी घालतात. टोपी असली की उच्चार दीर्घ: येसी, बाहेर पडणे. टोपी काढली की ऱ्हस्व होतो: येसि. आणि येसि म्हणजे असणे.

बटणावर टोपी नाही.

"काय चुकलंय?" मी एलिजिओला विचारलं. इटालियनमध्ये विचारलं तर तो नुसता बघत राहिला, म्हणून दुसऱ्यांदा फ्रियुलानमध्ये विचारलं. सासूबाई गेल्यापासून मी ती कुणाशीच बोलले नव्हते, त्याच्याशी तर कधीच नाही. जीभ अडखळली. त्याने दोन बोटांचं छप्पर केलं आणि अक्षरावर धरलं. "च्यापिएल," तो म्हणाला. टोपी.

म्हणजे त्याला खेळायचं नव्हतं. मुद्रितातली चूक दिसत होती आणि त्याची बायको रोज संध्याकाळी ती तशीच छापायला सोडत होती. 'असणे' दाबून आम्ही रोज बाहेर पडत होतो! मीही या माणसाच्या जागी असते तर ओरडले असते.

२१ डिसेंबर

तक्रार कुठे करायची, तर कुठेच नाही. कार्यालय नाही, साहेब नाही, खिडकी नाही. "जी व्यक्ती भाषांतर करते तिलाच लिहायचं," डॉन एर्मेस म्हणाले. मी दोन पानी खरमरीत मजकूर तयार केला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "सिन्योरा, यातली एवढी विशेषणं इंटरनेटला झेपणार नाहीत." एक ओळ उरली.

चार दिवसांपूर्वी उत्तर आलं, अर्जेंटिनाच्या रोसारियोहून. मिर्ता नावाची बाई आहे, दवाखान्यात काम करते आणि रविवारी मेर्लो फ्रियुलानमध्ये आणते. लिहिते: 'मला ही भाषा आजीने शिकवली. आजी इथे आली तेव्हा लहान होती, तिला लिहिता येत नव्हतं. मी शब्द फक्त ऐकलेत. टोप्या कुठे असतात ते मला कोणी सांगितलंच नाही. तुमच्या यजमानांना आणखी चुका दिसल्या तर कृपा करून कळवाल?'

कृपा करून! त्याला दुसरं काही दिसतच नाही. आता रोज सकाळी आम्ही दोघं पडद्यासमोर बसतो. तो बोट ठेवतो, शब्द म्हणतो, अडला तर टेबलावर मूठ आपटतो, मी टाइप करते. माझी टोपी चुकीच्या अक्षरावर पडली की, "नो!" काल म्हणाला, "नो, मुसे!" मुसे म्हणजे गाढवीण. दोन शब्दांचं वाक्य. लग्नानंतर त्याने मला इतकं सुंदर काही म्हटल्याचं आठवत नाही.

७ जानेवारी

फ्रिको जळाला आणि मी देवाचे आभार मानले.

कढईत बटाटा आणि चीज टाकून मी परसात कपडे आत घ्यायला गेले, तिथे शेजारीण भेटली. आमच्या दोघींच्या गप्पा सुरू झाल्या की फ्रिकोच काय, गाव जळेल. तेवढ्यात घरातून आरोळी. "ब्रूझे! ब्रूझेएए!" जळतंय! मी आले तर एलिजिओ उभा, दाराला धरून, चेहरा लाल. आतल्या खोलीतून चालत आला होता.

लगेच फ्लावियाला कळवलं. "तू विचारलं होतंस ना, हाक कशी मारणार? अशी मारतो. शेजारच्या कुत्र्यालाही कळली."

"पण कुठल्या भाषेत मारली, मम्मा?"

"फ्रियुलानमध्ये."

ती मग म्हणाली, "मला नसती कळली."

खरं आहे. आम्ही तिला उत्तम इटालियन दिलं. त्याच उत्तम इटालियनमध्ये ती मला बापाला पाठवून द्यायला सांगते. महिनाअखेर येते म्हणाली, स्वतः बघून ठरवेल. आश्रमवाल्यांनाही तेव्हाच उत्तर देणार.

फ्रिको खरवडून खाल्ला. कडू होता. त्याने दोनदा घेतला.

२४ जानेवारी

कोपऱ्यात ती सभ्य खूण आली. मी पासवर्ड दिला, थोडा वेळ पट्टी सरकली, आणि पत्त्यांचा खेळ उघडला तर बटणावर टोपी! एलिजिओने पडदा जवळ ओढला आणि प्रत्येक पान तपासलं, छापखान्यात शेवटचा तक्ता तपासायचा तसं. मग मान हलवली. छापा.

डॉन एर्मेसने दाखवलं, आत भाषांतर करणाऱ्यांची नावं असतात. मिर्ताच्या खाली एलिजिओचं नाव आहे. माझंही घालत होते म्हणे. मी नको म्हटलं. माझ्या टोप्या चुकतात.

आभार कुणाचे मानू? रोसारियोच्या बाईला मी कधी बघणार नाही. तिने फुकट केलेलं काम मी फुकट वापरते आहे आणि वर चुका काढते आहे, आणि ती उलट मलाच धन्यवाद लिहिते. मठात आम्हाला याला कृपा म्हणायला शिकवलं होतं. तेव्हा वाटायचं ती फक्त वरून येते.

३१ जानेवारी

मेर्लाचे दिवस. वर्षातले सर्वांत थंड. म्हणतात की या दिवसांत पांढरी मेर्ला, म्हणजे मेर्लोची मादी, धुराड्यात लपली आणि काळी होऊन बाहेर आली. फ्लाविया परवा आली. मी तिला काही पटवायचं नाही असं ठरवलं होतं आणि दारातच पटवायला सुरुवात केली.

तिने दोन दिवस सगळं पाहिलं. बाप बोलतो, पण दहा शब्दांतले चार येतात. येतात ते तिला कळत नाहीत. आज जेवणानंतर तिने त्याचे हात हातात घेतले. "पप्पा, तिथे मोठी बाग आहे. डॉक्टर असतात. मम्माला जरा विसावा मिळेल. जायचं का?"

तो तिच्याकडे बघत राहिला. माझं तोंड उघडलं आणि मी ते हाताने बंद केलं.

"त्याला कळलं नाही का?" फ्लावियाने विचारलं.

"सगळं कळलंय. उत्तर कुठून आणायचं ते शोधतोय. एकाच शब्दात विचार. या घरातून बाहेर पडणं. येसी."

"येसी?" तिने बापाला विचारलं. माझ्या मुलीच्या तोंडून मी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. टोपी बरोबर जागी होती.

एलिजिओ म्हणाला, "येसि."

"हो म्हणाला," फ्लाविया हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले. "किंवा मी बोलले तेच परत म्हणतोय. सेरेना म्हणाली होती असं होतं. प्रतिध्वनी."

तोच उच्चार होता का? माझे कान आता पूर्वीचे नाहीत.

"परत विचार," मी म्हटलं.

"येसी, पप्पा?"

एलिजिओने उसासा सोडला. छापखान्यातल्या उमेदवारांवर सोडायचा तो. मग डावा हात डोक्यावर नेला, तिथे नसलेली टोपी चिमटीत धरली, उचलली, आणि टेबलावर ठेवली.

"येसि."

फ्लाविया माझ्याकडे बघत होती. मी तिला कॉम्प्युटरपाशी नेलं, ते बटण दाखवलं, आणि बोटाने टोपी झाकली. झाकली की अर्थ होतो असणे, हे सांगितलं. ती नंतर फोन घेऊन पुढच्या खोलीत गेली. तिथून तिचं सुरेख इटालियन ऐकू आलं: खोली दुसऱ्या कुणाला द्या, आभारी आहे.

मीही आभारी आहे. त्या काळ्या पक्ष्याची, न विचारता भाषा बदलणाऱ्या पाद्र्याची, आणि सर्वांत जास्त मिर्ताच्या आजीची, जिला टोप्या माहीत नव्हत्या.

आता लिहिते आहे तर फ्लाविया आत बापाला खुर्चीला काय म्हणतात ते विचारतेय. तिचा उच्चार भयंकर आहे. तो दुरुस्त करतोय.